मुलांसाठी परीकथा नव्याने सांगताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या गोष्टींची हस्तलिखितं वाचणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी जुन्याच असतात, नव्याने सांगितलेल्या. सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली. लिहिणाऱ्यांत शिक्षक असतात, आजीआजोबा असतात, हौशी लेखक असतात आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे थोडी एककल्ली वाटली तर चालवून घ्या.

परीकथेत परी हवीच का?

नको. हिमगौरीत परी नाही, हान्सेल आणि ग्रेटेलमध्ये नाही, आणि लाल टोपीवालीत तर बोलणारा लांडगा सोडला तर जादूही फारशी नाही. फ्रान्समधल्या मादाम दोल्नुआ यांनी १६९७ साली आपल्या पुस्तकाच्या नावात ‘पऱ्यांच्या कथा’ असे शब्द वापरले. त्यांच्या गोष्टींत पऱ्यांची खरोखरच रेलचेल होती. पुढे तेच नाव सगळ्या प्रकाराला चिकटलं. जर्मन भाषेत याच गोष्टींना ‘मेर्शेन’ म्हणतात आणि त्या शब्दात परीचा मागमूसही नाही.

मला मूळ गोष्टीशी प्रामाणिक राहायचं आहे. मूळ गोष्ट कोणती धरू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि याचं सरळ उत्तर देता येत नाही.

सिंड्रेलाचंच बघा. भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, काचेची चपली आणि बाराचे ठोके ही सगळी सामग्री शार्ल पेरॉ या फ्रेंच लेखकाच्या १६९७ च्या पुस्तकातली. जर्मनीतल्या ग्रिमबंधूंच्या सिंड्रेलाला परी नाही आणि भोपळाही नाही. तिच्या आईच्या थडग्यावर एक झाड वाढतं, त्यावर पांढरा पक्षी येतो आणि तिला हवं ते खाली टाकतो. पेरॉच्या साठेक वर्षं आधी नेपल्सच्या जाम्बातिस्ता बासिलेच्या संग्रहात हीच मुलगी झेझोला या नावाने येते आणि ती बिचारीबिचारी अजिबात नाही. दाईच्या सांगण्यावरून ती पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचं झाकण आपटून तिला ठार करते! त्याहून कितीतरी मागे, नवव्या शतकातल्या चीनमध्ये, दुआन चेंगशी नावाच्या लेखकाने ये शिएनची गोष्ट लिहून ठेवली आहे. तिच्याकडे एक मासा असतो. सावत्र आई तो मारून खाते, पण त्याची हाडं मागेल ते देतात. हरवलेला जोडा आहे, पण तो सोन्याचा.

यातली मूळ कोणती? सगळ्या आणि एकही नाही. १८९३ मध्ये मेरियन रोल्फ कॉक्स या अभ्यासक बाईंनी सिंड्रेलासारख्या गोष्टींची ३४५ रूपं गोळा करून छापली, आणि तीही सगळी नव्हेत.

म्हणून मी मूळ शोधायला सांगत नाही, गोष्टीची खुंटी शोधायला सांगते. प्रत्येक जुन्या गोष्टीत एक जागा अशी असते की बाकी सगळं तिच्यावर टांगलेलं असतं. सिंड्रेलात ती जागा म्हणजे जोडा : घरात जिच्याकडे कोणी बघत नाही तिलाच तो बसतो, दुसऱ्या कुणालाही नाही. भोपळा काढा, परी काढा, राजवाड्याच्या जागी शाळेचं स्नेहसंमेलन आणा, गोष्ट तग धरते. ओळखीची ती वस्तू काढलीत की तुमच्या हातात नुसती एक गरीब मुलगी आणि एक समारंभ उरतो. हान्सेल आणि ग्रेटेलची खुंटी म्हणजे मुलांना सोडवायला कोणीही येत नाही, ती आपली आपण सुटतात. एका हस्तलिखितात मी ऐन वेळी वनरक्षक आलेला पाहिला. भला माणूस होता, पण त्याने ग्रेटेलची अख्खी गोष्ट खिशात घातली.

पण ग्रिमबंधूंनी तर लोकांच्या तोंडून ऐकलं तसंच लिहिलं ना?

नाही. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ चा आणि सातवी आवृत्ती १८५७ ची. मधल्या पंचेचाळीस वर्षांत गोष्टी घासूनपुसून बदलत राहिल्या आणि हे काम मुख्यतः विल्हेल्मने केलं. पहिल्या आवृत्तीत शेवटी टिपा होत्या, चित्रं नव्हती, आणि हे मुलांचं पुस्तक नाही अशी तक्रारही झाली. १८२५ मध्ये त्यांनी पन्नास निवडक गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, ती मात्र घराघरांत पोहोचली.

१८१२ च्या हिमगौरीत तिला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल-ग्रेटेलच्या आईचंही पुढे तेच झालं. आईपण पवित्र राहावं म्हणून सगळं पाप सावत्र आईच्या माथी मारलं गेलं. पुन्हा सांगणाऱ्याने घातलेला हा बदल आहे आणि आज तो आपल्याला मूळ वाटतो.

मग सावत्र आई ठेवू की काढू?

ज्या वर्गासाठी तुम्ही लिहिता त्यात सावत्र आईजवळ आनंदात राहणारी मुलं असणारच. मी ‘सावत्र’ हा शब्द सहसा काढते. ‘घरात आलेली नवी राणी’ म्हटलं की काम भागतं. हिमगौरीची खुंटी आरशात आहे, नात्यात नाही. सिंड्रेलात मात्र घरातल्या दुजाभावाशिवाय गाडी हलत नाही. तिथे ती बाई नुसती दुष्ट न दाखवता आपल्या पोरींसाठी हावरट झालेली दाखवली तर मुलांना ती जास्त पटते. अशी माणसं त्यांनी पाहिलेली असतात.

क्रौर्याचं काय? मुलं घाबरणार नाहीत का?

घाबरतील, आणि थोडं घाबरण्यासाठीच ती या गोष्टी मागतात. पण हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुन्या कथनात क्रौर्य असतं, पण वर्णन नसतं. हिमगौरीची राणी तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचते, हे ग्रिमबंधू एका दमात सांगून मोकळे होतात. रक्त नाही, किंकाळी नाही. मूल ते आपल्याला झेपेल तेवढंच मनात रंगवतं. तीच गोष्ट आजचा लेखक चांगला परिच्छेदभर सांगतो, चित्रकार पानभर रंगवतो, आणि मग पुस्तक भयंकर आहे म्हणून पालक तक्रार करतात. माझ्या मते शिक्षा ठेवली तर चालते. तिच्यापाशी रेंगाळायचं मात्र नाही.

उलटी चूकही तितकीच होते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हान्सेल आणि ग्रेटेल मऊ करून लिहिली होती. भट्टीत ढकलणं नको, म्हणून ग्रेटेल चेटकिणीला ओरडते आणि चेटकीण घाबरून रानात पळून जाते. सहा-सात वर्षांच्या मुलांसमोर वाचली. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या, आणि पुढे बसलेल्या एका मुलाने विचारलं, ‘मग ती आत्ता कुठाय?’ मी म्हटलं, लांब गेली. ‘किती लांब?’ त्या रात्री झोप न लागलेली मुलं माझ्यामुळे जागी होती, भट्टीमुळे नव्हे. दुसऱ्या खर्ड्यात चेटकीण भट्टीत गेली. एका वाक्यात, दार बंद, कडी लागली. त्यानंतर तसा प्रश्न कोणी विचारला नाही.

माझा ढोबळ हिशोब असा. धोका ठेवायचा. धोका संपल्याची खात्री ठेवायची. गोष्ट संपल्यावर वरून घातलेला सूड काढायचा. सिंड्रेलाच्या लग्नात कबुतरं बहिणींचे डोळे फोडतात, ते मी बिनदिक्कत काढते, कारण तोवर गोष्ट पुरी झालेली असते (आणि तो तुकडा १८१९ मध्ये जोडलेलाच आहे). जोडा बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, हे नऊ-दहा वर्षांच्या पुढच्यांना चालतं, नव्हे आवडतं. चार वर्षांच्याला नको.

गोष्ट सौम्य केल्याने नेमकं काय बिघडतं?

कधी कधी काहीच नाही. पण एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८१२ च्या रापुन्झेलमध्ये ती म्हातारीला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे हल्ली घट्ट का होतात? राजपुत्र चोरून येतो हे म्हातारीला तेवढ्यावरून कळतं. मुलांच्या पुस्तकात हे नको म्हणून विल्हेल्मने वाक्य बदललं. आता ती म्हणते, राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढायला जास्त जड का जातं? गरोदरपण गेलं, पण त्यासोबत रापुन्झेलची अक्कलही गेली. पहिली मुलगी अजाण होती, दुसरी आपल्याच तोंडाने गुपित फोडणारी वेंधळी. काहीही काढताना त्या जागी काय ठेवतो आहोत आणि त्याचा भुर्दंड कोणत्या पात्राला बसतो आहे, हे पाहा.

राजकन्या नुसती झोपून राहते. आजच्या मुलींना हे कसं सांगायचं?

हातात तलवार देऊन नको, एवढी माझी विनंती. दर दहा हस्तलिखितांत तीन-चार राजकन्या शेवटच्या दोन पानांत अचानक तलवारबाजीत निपुण निघतात. आधीच्या वीस पानांत तिने काही ठरवलेलंच नसतं, त्यामुळे ती तलवार उसनी वाटते.

तिला आधीपासून निवड करू द्या. दार उघडायचं की नाही, सफरचंद घ्यायचं की नाही. निवड चुकली तरी चालेल. आणि धीट मुली शोधायला फार लांब जावं लागत नाही. भट्टीचं दार ग्रेटेल लोटते, हान्सेल तेव्हा कोंडलेला असतो. बेडूक-राजाच्या गोष्टीत ग्रिमबंधूंची राजकन्या बेडकाचं चुंबन घेत नाहीच, चिडून त्याला भिंतीवर आपटते आणि तेव्हा तो माणूस होतो. चुंबन नंतरच्या सांगणाऱ्यांनी आणलं. नको असलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणणारी ही मुलगी जुन्या पुस्तकात आयती बसली आहे.

लांडग्याच्या बाजूने गोष्ट सांगितली तर?

सांगा, पण मुलाला आधी सरळ गोष्ट माहीत हवी. नाहीतर गंमत कशाची आहे हेच कळत नाही. आणि ही युक्ती आता इतकी झाली आहे की ‘बिचारा गैरसमज झालेला लांडगा’ हेही एक ठरावीक पात्रच बनलं आहे.

भाषा कशी असावी?

इथे मी सर्वांत जास्त लाल शाई वापरते. हमखास भेटणारं वाक्य असं : ‘एके काळी एका दूरच्या देशात एक सुंदर राजकन्या राहत होती, जिचे केस खूप लांब होते.’ कुठलीही आजी असं बोलत नाही. आपल्याकडे गोष्ट सुरू होताना क्रियापद उडी मारून पुढे येतं : ‘एक होती राजकन्या. तिचे केस एवढे लांब, एवढे लांब, की बुरुजावरून सोडले तर जमिनीला टेकायचे.’ ‘जिचे’, ‘ज्याने’, ‘जेथे’ यांची शेपटं तोडली की निम्मं काम झालं.

आता लाल टोपीवालीचा संवाद घ्या. हस्तलिखितात आलं होतं :

‘आजी, तुमचे कान इतके मोठे का आहेत?’
‘तुला अधिक चांगल्या प्रकारे ऐकण्यासाठी, माझ्या प्रिये.’

आम्ही केलं :

‘आजी, तुझे कान एवढे मोठे कसे गं?’
‘अगं, तुझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून!’

नातीच्या तोंडी आजीला ‘तू’ आणि ‘गं’ आलं की लांडग्याचं ‘अगं’ आपोआप अंगावर येतं, कारण हा परका प्राणी घरातल्या माणसासारखा बोलतोय. भीती तिथेच आहे, दातांचं वर्णन करायची गरजच उरत नाही.

मोठ्याने सांगायच्या गोष्टीत काळ मध्येच बदलला तरी घाबरू नका. ‘लांडगा काय करतो, हळूच कडी काढतो, आत डोकावतो…’ हे व्याकरणाच्या वहीत भूतकाळात असेल, पण कान ते वर्तमानकाळातच ऐकतो. ‘होतं काय, की’, ‘बघतो तर काय’, ‘चालत चालत चालत’ ही सगळी सांगणाऱ्याची आयुधं आहेत. आवाज तर हवेतच : दार करकरलं पाहिजे, सफरचंद कचकन तुटलं पाहिजे, बेडूक थप्प करून आपटला पाहिजे.

‘आटपाट नगर होतं’ वापरावं का, असंही विचारतात. वापरा, पण मग सगळी गोष्ट त्या चालीत न्या. आटपाट नगरात फिलिप नावाचा राजपुत्र आला की भातात खडा लागल्यासारखं होतं. ‘साठा उत्तराची कहाणी’ने शेवट करण्याचा मोह मात्र टाळा, तो कहाणीचा शेवट आहे आणि कानाला देवघरात नेतो. ‘आणि ते त्यानंतर कायम आनंदाने जगले’ला आपल्याकडे दोन शब्द आहेत : सुखाने नांदले.

तीनदा तेच तेच घडतं. दोनदाचं काढून टाकू?

नका. हिमगौरीकडे राणी तीनदा येते : आधी कंबरपट्ट्याची नाडी, मग विषारी फणी, मग सफरचंद. पहिल्या वेळी मूल ऐकतं, दुसऱ्या वेळी ‘नको, नको, दार उघडू नको’ म्हणतं, तिसऱ्या वेळी सांगणाऱ्याच्या आधीच ओरडतं. कापायचंच तर निसर्गवर्णन कापा. एरवीही ते कोणी ऐकत नव्हतं.

तात्पर्य द्यावं का?

पेरॉने दिली होती, पद्यात, आणि काही गोष्टींना दोन-दोन. सिंड्रेलाचं दुसरं तात्पर्य तर थेट टोमणा आहे : अक्कल, हिंमत, चांगलं कूळ सगळं असू द्या, पण वर यायचं तर पाठीशी कोणीतरी मोठं माणूस लागतं. त्याच्या लाल टोपीवालीत शिकारी येतच नाही, लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट खलास. मग परक्यांशी गोड बोलणाऱ्या मुलींना उपदेश. शिकारी, कात्री आणि लांडग्याच्या पोटात दगड हे ग्रिमबंधूंकडचं.

मी तात्पर्य छापत नाही. मुलाला काय घ्यायचं ते ते घेतं, आणि बहुतेक वेळा आपण लिहिलं असतं त्यापेक्षा वेगळंच घेतं.

लांबी किती ठेवावी?

चित्रांचं पुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, छपाईच्या घड्यांचा तो हिशोब आहे. त्यात हजारेक शब्दांच्या आत राहिलेलं बरं. स्वतः वाचणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन-तीन हजारही चालतात.

कापायचं कसं हे शिकायला ‘सुंदरी आणि पशू’सारखी गोष्ट नाही. १७४० मध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी ती मोठ्यांसाठी लिहिली, ऐसपैस, पऱ्यांची भांडणं आणि वंशावळीसकट. १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ यांनी ती मुलींसाठी आटोपशीर केली. या बाई लंडनमध्ये मुलींना शिकवायच्या. व्यापाऱ्याची बारा मुलं होती, बोमाँनी सहा केली. वंशावळ गाळली. सुंदरीने परत यायला केलेला उशीर आणि बागेत मरायला टेकलेला पशू, हे मात्र ठेवलं. आज जगभर सांगितली जाते ती दुसऱ्या बाईंची गोष्ट. खुंटी ओळखता येणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शिकावं.

परवानगी लागते का?

पेरॉ, ग्रिमबंधू आणि डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या मूळ लेखनावर आता कोणाचाही हक्क नाही. अँडरसन त्यांच्यात सर्वांत अलीकडचे आणि तेही १८७५ मध्ये वारले. बहुतेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास ते सत्तर वर्षं हक्क चालतो. पण अलीकडचं भाषांतर समोर ठेवून लिहीत असाल तर त्या भाषांतरकाराचा हक्क जिवंत असू शकतो. चित्रांचंही तसंच.

खरी फसगत चित्रपटांमुळे होते. ग्रिमबंधूंच्या सात बुटक्यांना नावंच नाहीत. जगाला पाठ असलेली नावं डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातली. लोककथेतलं समजून ती उचलू नका. आपली सात नावं ठेवा, त्यात मजाही येते.

अँडरसनबद्दल आणखी एक. ‘छोटी जलपरी’ ही कोणाकडून ऐकलेली लोककथा नाही, त्यांनी स्वतः रचलेली आहे, १८३७ ची, आणि शेवटी तिला राजपुत्र मिळत नाही. बदलायला कायद्याची आडकाठी नाही. पण तिथे तुम्ही एका माणसाच्या वाक्यांना हात लावताय, हजार तोंडांतून आलेल्या गोष्टीला नव्हे. मी तिथे जरा जास्त विचार करते.

इतके बदल केल्यावर लोक ‘ही ती गोष्ट नाही’ म्हणतील का?

म्हणतील. मग त्यांना तीन अस्वलांची गोष्ट विचारा. रॉबर्ट सौदी या इंग्लिश कवीने १८३७ मध्ये ती छापली तेव्हा अस्वलांच्या घरात शिरणारी एक तोंडाळ म्हातारी होती. बारा-तेरा वर्षांत दुसऱ्या एका लेखकाने म्हातारीच्या जागी छोटी मुलगी आणली. सोनेरी केस आणि ‘गोल्डिलॉक्स’ हे नाव त्याहूनही नंतर आलं. आज म्हातारी घालून सांगितलीत तर मुलं तुम्हालाच सुधारतील.

मूल विचारतं, ‘हे खरं आहे का?’

‘गोष्टीत खरं आहे’ एवढं उत्तर सहा वर्षांपर्यंत पुरतं. त्यानंतर ती विचारत नाहीत, कारण त्यांना कळलेलं असतं आणि तरी ऐकायचं असतं.

माझी गोष्ट जमली की नाही, कसं ओळखू?

मोठ्याने वाचा, उभं राहून. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांब आहे. जिथे तुमचाच आवाज लाडिक होतो तिथे मजकूर खोटा आहे. मग घरच्या नव्हे, दुसऱ्यांच्या मुलांना वाचून दाखवा, घरची मुलं भिडस्त असतात. आवडली का, असं विचारू नका, सगळी हो म्हणतात. दोन दिवसांनी त्यांनाच ती गोष्ट सांगायला लावा आणि वही घेऊन बसा.

मी बसले होते. एका मुलीने माझी सिंड्रेला सांगितली. परी विसरली, राजपुत्राचं नाव विसरली, मी कौतुकाने लिहिलेली बाग तर तिच्या गावीही नव्हती. जोड्यापाशी आल्यावर मात्र थांबली, स्वतःची चप्पल काढली आणि शेजारणीच्या पायात घालून बघितली. बसली नाही. ‘बघ,’ ती म्हणाली, आणि पुढच्या मुलीकडे गेली.